‘कदाचित’ लिहायचं सोडलं तो कंटेनर

नामपूरच्या स्टँडवर माझे वडील, आबा, मला सोडायला आले. माझी बायको शीतल नर्स म्हणून आधीच इंग्लंडला पोचली होती, आणि तिच्या नोकरीवर मला व्हिसा मिळाला होता. मी नववीतून शाळा सोडलेला. हायवेवरच्या पॅकहाउसात बारा वर्षं द्राक्षं निवडली, तेवढंच माझं शिक्षण. एसटी निघताना आबा खिडकीशी आले. "समजनं नाही त इचारी ले, भाऊ."

पण विचारायलाही छाती लागते. इथं बंदराजवळच्या फळांच्या गोदामात पेट्या उतरवायचं काम मिळालं. तोंड उघडायची धास्ती, म्हणून प्रश्न वहीत लिहायचो. ‘मे’ नम्र की ‘माइट’? ‘कॅन यू’ म्हटलं तर उद्धट वाटेल का? आमच्या सुपरवायझर लिंडाबाईंना ‘यू’ आणि त्यांच्या कुत्र्यालाही ‘यू’च, मग मान द्यायचा कुठे? रविवारी शीतल उत्तरं द्यायची. एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही इंग्रजी शिकताय की पाया पडायला शिकताय?"

मी द्राक्षाचा घड हातात धरून माल किती दिवस टिकेल ते सांगतो, हे लिंडाबाईंनी हेरलं होतं. तपासनिसाची जागा रिकामी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या कंटेनरचा रिपोर्ट तू लिही. जमलं तर जागा तुझी."

कंटेनर आला तो आपल्या नाशिकचा. पेट्यांवरचं नाव मी दोनदा वाचलं. दाराजवळच्या पेट्या ओल्या होत्या. आतल्या पॅलेटवरच्या, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेल्या थप्प्यांतल्या पेट्या उघडून पाहिल्या, तर देठ हिरवे, मणी कडक, सगळं कोरडं. दाराशी गरम हवा लागून पाणी सुटलेलं, बाकी माल उत्तम. मला तिळभर शंका नव्हती.

आणि रिपोर्टात काय लिहिलं? ‘काही पेट्या कदाचित थोड्या ओल्या असू शकतील, कृपया बघावे.’ वहीतले सगळे नम्र शब्द ओतले. आपल्याकडे शेतकऱ्याच्या बागेत उभं राहून माल खराब आहे असं कुणी तोंडावर म्हणत नाही. "माल जरा थकलाय," म्हणायचं, तो काय ते समजतो. मला वाटलं, इथंही समजतील.

लिंडाबाईंनी वाचलं आणि पेन काढलं. "तुलाच खात्री नाही, तर मी सगळा कंटेनर नाकारते."

आपल्याकडच्या कुणाचा तरी अख्खा हंगाम माझ्या सभ्यपणापायी परत जाणार होता. "थांबा," म्हणालो आणि त्यांच्यासमोर कागद ओढून लिहिलं: ‘दाराजवळचे दोन पॅलेट ओले आहेत. बाकीचे कोरडे आहेत. मी स्वतः उघडून पाहिले. माल चांगला आहे.’

"हे आधी का नाही लिहिलंस?"

"आमच्याकडे इतकं सरळ बोलणं उर्मटपणाचं."

"इथं ते कामाचं आहे," त्या म्हणाल्या. मग आत शिरल्या, मधल्या पाच पेट्या स्वतः उघडल्या, एक मणी तोंडात टाकला आणि सही केली. दोन पॅलेट बाजूला निघाले, बाकी सगळा माल दुकानांत गेला. पुढच्या सोमवारी तपासनिसाचं जाकीट माझ्या अंगावर होतं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्या हातातलं पेन टेकवून मोकळ्या झाल्या असत्या, पण थांबल्या.

धास्ती काही गेलेली नाही. आजही रिपोर्ट पाठवण्याआधी तीनदा वाचतो. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांना हे कळेल. जे गावी आहात, तुम्ही म्हणाल, पोरगा फटकळ झाला.

परवा आबांनी व्हिडिओ कॉलवर आमच्या बागेतला एक घड दाखवला. "कसा शे?" पूर्वी मी "झकास" म्हणालो असतो. या वेळी म्हणालो, "आबा, फुगवण कमी आहे, मणी बारीक राहिलेत. हा बाहेर पाठवू नका."

आबांनी तो घड कॅमेऱ्यासमोरून बाजूला केला. मला वाटलं, दुखावले. आपल्या माणसाला दुखावून माणूस कुठला घरचा राहतो? मग फोन हलला, पानं सरकली आणि दुसरा घड माझ्या डोळ्यांसमोर आला.

"मंग हाऊ देख," आबा म्हणाले.