ओहोटीचे पाहुणे

आमचे आजोबा खाडीत मासे मारून जगले, वडील खाडीकाठी मीठ पिकवून जगले आणि मी खाडीत रुतून बसलो. तिघांपैकी फोटो फक्त माझाच निघाला आहे.

काल्हेरच्या पुढे, गोदामांच्या मागे, खाडीला टेकून आमचं गाव आहे. रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर नुसते पत्रे आणि ट्रक. मागच्या बाजूला मात्र अजून खाडी आहे, तिवरांचं रान आहे (तुम्ही खारफुटी म्हणता ती) आणि एक जुना धक्का आहे. धक्क्यालगतची जागा दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची दोन गोदामं आहेत आणि आवाज तिसऱ्या गोदामाला पुरेल एवढा आहे. मी भिवंडीत एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. लग्नानंतर शहरात फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हापासून खाडीशी माझा संबंध फक्त वासापुरता उरला होता.

तर त्या हिवाळ्यात एका ट्रान्सपोर्टवाल्याने दादाकडे ती जागा मागितली. भराव टाकायचा, गाड्या उभ्या करायच्या आणि महिन्याच्या महिन्याला भाडं द्यायचं. दादा हो म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात वहिनी आडवी आली. तिने गावातल्या बायकांचा बचत गट काढला होता आणि पाहुण्यांना होडीतून पाखरं दाखवायची, असं गटाने ठरवलं होतं. पाहुण्यांनी तिवरं बघायची, पाखरं बघायची, आपल्या हातचं जेवायचं. मासळी आटल्यापासून गोदामात खोकी चिकटवायला जाणाऱ्या बायकांना गावातच काम मिळेल, असा तिचा हिशेब होता.

"आनि भराव टाकलास का संपलं," वहिनी म्हणाली. "तिवरं मेली का पाखरं न्हाय, चिंबोरी न्हाय, काय न्हाय. मंग बस ट्रकचं टायर मोजत!"

"पाखरं बघाया कोन येल गो?" दादा गरजला. शेजारच्या गोदामातला वॉचमन दचकून उभा राहिला.

शेवटी दादाने तोड काढली. (दादा हरायला आला की तोड काढतो.) येत्या रविवारी वहिनीने एक फेरी करून दाखवायची. पाहुणे खूष झाले तर जागा बायकांची. नाराज झाले तर त्याच संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाल्याला होकार. वहिनी त्या रात्री जेवली नाही, असं दादानेच मला नंतर सांगितलं. तो दोन वेळचं जेवला.

गटाकडे जनाकाकूची होडी होती, वल्हवायला खुद्द काकू होती, नव्हता तो फक्त गाइड. वहिनीने मला फोन केला. "भावजी, तुमीच या. तुमचं बोलनं कसं पुस्तकासारखं हाय."

आता एवढं कौतुक आमच्या ऑफिसात कुणी केलेलं नाही. मी ताबडतोब बाजारात जाऊन एक गाइडची पँट घेतली. तिला इतके खिसे होते की माझ्याकडे तेवढ्या वस्तू नव्हत्या. मग रविवारी ठाण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पुढारी कर्णिकबाई यांना फोन लावला. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. पाखरांच्या मागे त्यांनी निम्मा देश पालथा घातलेला.

"फ्लेमिंगो दिसतील का हो?" त्यांनी विचारलं.

"दिसतील काय बाई! बाजूला सरा म्हणावं लागतं त्यांना!"

(मी फ्लेमिंगो शेवटचा पाहिला तेव्हा हाफ चड्डीत होतो.)

रविवारी सकाळी पाहुणे आले. खाडी तुडुंब भरलेली, ऊन कोवळं, होडी धक्क्याला डुलत होती. भरतीवर निघायचं, पाणी उतरायच्या आत परत यायचं, असा साधा बेत होता. निघण्यापूर्वी वहिनीकडे कपभर चहा. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

चहाचा कप खाली ठेवतात न ठेवतात तोच शेजारची वनिता दारात उभी. "आता आमच्याकडं!" आमच्याकडे ही रीतच आहे. पाहुणे एका घरचे नसतात, आळीचे असतात. त्यातून हे तर गटाचे पाहुणे! वहिनीकडे चहा घेतला आणि वनिताकडे नाही घेतला, म्हणजे वनिता काय गटात नाही? वनिताकडे पोहे झाले. पोह्यांची बातमी पुढच्या घरी पोचली, तिथे त्यांनी इडल्या लावल्या. त्याच्या पुढच्या घरी इडल्यांची बातमी पोचली, तिथे तांदळाची भाकरी आणि सुकट! बायका पाहुण्यांना हाताला धरून उंबरे ओलांडायला लावत होत्या. कर्णिकबाईंच्या गळ्यातल्या दुर्बिणीला एव्हाना चटणी लागली होती.

"अहो, पाणी उतरायला लागलं ना?" बाई मला हळूच म्हणाल्या.

पाणी उतरतंय हे मला दिसत होतं. वहिनीला दिसत होतं. अख्ख्या गावाला दिसत होतं, पिढ्यान्‌पिढ्या तेच बघत आलोय आम्ही! पण लोकाच्या ओट्यावरून भरल्या ताटावरून उठायचं कुणी? "होडीला कितीसं पाणी लागतं!" मी म्हणालो आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

शेवटचं घर जनाकाकूचं. आता होडीही तिचीच, वल्हंही तिचंच, म्हटलं ही तरी घाई करील. काकूने चुलीवर बिडाचा तवा चढवला.

"काकू, ओहोटी!" वहिनी रडकुंडीला आली.

"ओहोटी रोज येतं. पाव्हनं रोज येतान काय?" काकू घावन उलटत म्हणाली. "माझ्या दारावरून उपाशी गेलं तर होडी सुटायची न्हाय!"

उपाशी! त्यातल्या एका गृहस्थांना तर ओट्यावरून उठायला दोघांचा हात लागला.

अखेर आम्ही निघालो. होडी पोटभर जेवलेल्या माणसांनी नेहमीपेक्षा खोल बसली होती आणि पाणी नेहमीपेक्षा उथळ होतं. मी पुढे उभा राहून तिवरांवर बोलायला सुरुवात केली. "तिवरांची मुळं श्वास घेण्यासाठी जमिनीतून वर..." इथे होडीखालून 'फस्स' असा आवाज आला आणि सगळे माझ्या अंगावर आले. गावाचा बांध समोर दिसतोय, हाक मारली तर ऐकू जाईल, आणि आम्ही मधोमध चिखलात. आजूबाजूचं पाणी मोरीतून जावं तसं निघून गेलं.

"आता पानी चढंल तवाच," काकूने जाहीर केलं आणि वल्हं आडवं टाकून पानाची चंची काढली.

"म्हणजे कधी?"

"जेवनाचा टाइम टलून गेल्यावं."

'जेवण' हा शब्द ऐकून मघाचे गृहस्थ कण्हले. कर्णिकबाई माझ्याकडे बघत होत्या. मुख्याध्यापिकेचं ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. बांधावर वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. संध्याकाळी धक्क्यालगत भरावाची पहिली गाडी रिकामी होणार आणि ती माझ्यामुळे, हे मला लख्ख दिसलं.

"थांबा, एक धक्का दिला की निघेल," असं म्हणून मी खाली उडी मारली.

"अरं, उतरू न..." काकूचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मी कमरेपर्यंत गेलो होतो.

वर होडीतून चौघांनी माझे हात धरून ओढलं. मी चार बोटं वर आलो, पँट मात्र जागेवर राहिली. सगळ्या खिशांत चिखल भरला होता! आणखी ओढलं असतं तर मी निघालो असतो, पण एकटाच निघालो असतो.

"नको! राहू द्या!" मी ओरडलो.

"राव्हा तिथंच," काकू शांतपणे म्हणाली. "कमरेच्या वर घेत न्हाय तो चिखल." तिने टेकायला एक वल्हं माझ्यापुढे रोवून दिलं. माझ्याबरोबर शहरातून आलेल्या बायकोचा बांधावरून आवाज आला, "अहो! चष्मा आहे ना?" पंचवीस वर्षांच्या संसारात नेमका चष्माच आठवला.

वेळ जाऊ लागला. पाहुणे पेंगू लागले. मी घाबरून हलणंही सोडून दिलं होतं, कारण हललं की 'फस्स' व्हायचं. अंगभर चिखल वाळून मी होडीच्याच रंगाचा झालो. आणि मग काहीतरी चुळबुळलं. चिखलावर तुतवार उतरले, तुरुतुरु धावत चोच खुपसायला लागले. त्यांच्यामागून लांबलचक पायांचे शेकाटे आले. एक खंड्या सरळ माझ्या वल्ह्यावर येऊन बसला, त्याने चिखलात सरपटणारी निवटी मासळी उचलली आणि माझ्या नाकासमोर तिला वल्ह्यावर आपटून आपटून मारली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा होडीत सगळे उभे होते आणि कुणी श्वास घेत नव्हतं. तिवरांवरून गुलाबी थवा वळला आणि पाण्याच्या उरलेल्या पट्ट्यात, आमच्यापासून ओट्याइतक्या अंतरावर उतरला. फ्लेमिंगो! माना उलट्या करून ते निवांत चरू लागले. एक तर माझ्या बाजूने असा गेला की मला खरोखरच बाजूला सरावंसं वाटलं, पण ती सोय नव्हती. कर्णिकबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. खरं सांगतो, मलाही रडू आलं, सुटल्यासारखं वाटून.

नेमका तेव्हाच बांधावर घरघराट झाला. कुणीतरी दादाला फोन केला होता, 'तुझा भाऊ खाडीत बुडतोय.' दादा गोदामावरची हायड्रा क्रेन घेऊन आला होता! भावाचं प्रेम हे असं असतं, आणि त्याला हॉर्नही असतो.

वहिनी पळत जाऊन क्रेनच्या समोर उभी राहिली. दोन्ही हात पसरून, तोंडातून आवाज न काढता. दादाने तोंड उघडलं, वहिनीने त्यावर हात ठेवला. (हे गावात आजवर कुणी केलेलं नव्हतं.) मग तिने नुसतं बोट दाखवलं. क्रेन बंद झाली. दादा बांधावर टेकला, पहिल्यांदा मला बघितलं, मग पाखरांना, आणि मग मला विसरला. तो आणि मी लहानपणी मिठागरावर अशीच पाखरं बघत बापाच्या हाका टाळायचो, ते त्याला आठवलं असावं. मला तर आठवलंच.

पाणी चढायला लागलं होतं, पण पाखरं अजून होती. दादाचा फोन थरथरला. ट्रान्सपोर्टवाला होता. दादा काय बोलला ते बायकोने मला नंतर नक्कल करून दाखवलं.

"जागा न्हाय मिलनार," दादा कुजबुजला.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"जोरात बोलता येत न्हाय! ... न्हाय, बरा हाय मी ... अरे, हितं पाखरं बसल्यान!"

आणि त्याने फोन ठेवला. वहिनी तिथेच बांधावर खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून इतकी हसली, इतकी रडली, की वनिताला तिची पाठ चोळावी लागली.

भरतीने होडी उचलली तशी मलाही सैल केलं. पँट खाडीलाच वाहिली, दादाने बांधावरून टॉवेल फेकला. धक्क्यावर उतरल्या उतरल्या कर्णिकबाईंनी सबंध हिवाळ्याचे रविवार ठरवून टाकले. अट एकच, होडी अशीच, तिथेच, ओहोटीत रुतवायची. बायकांनी चहाच्या घरांची पाळी लावली. आता त्या खोकी चिकटवायला जात नाहीत, आणि दादा गोदामावर येणाऱ्या ट्रकवाल्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून ओरडतो. (त्या ओरडण्याने पाखरं उडतात, पण ते त्याला कोण सांगणार?)

एकच अडचण राहिली. माझ्या शेजारून चरत जाणाऱ्या फ्लेमिंगोचा फोटो ठाण्यात सगळीकडे फिरला आणि प्रत्येक नव्या पाहुण्याला तस्साच फोटो हवा असतो. मी पुन्हा चिखलात उभं राहायला साफ नकार दिला. मग वहिनीने युक्ती केली. माझ्या जागी एक बुजगावणं रोवलं, त्याला माझाच जुना शर्ट घातला, डोक्यावर टोपी ठेवली. त्या दिवशी एक पाखरू जवळ फिरकलं नाही.

"असं कसं हो?" मी कर्णिकबाईंना विचारलं. "मी होतो तेव्हा तर अंगाला घासून जात होती!"

बाईंनी दुर्बीण पुसत थोडा विचार केला. "त्याचं काय आहे," त्या म्हणाल्या, "बुजगावणं थोडंफार माणसासारखं दिसतं."