टॅनिंग बेडमधली सावली

आधीच सांगून टाकते. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि मग आम्ही दोघं पोट धरून हसतो. पांढऱ्या साडीतल्या बाया, मागून येणारे पैंजणांचे आवाज... माझा यातल्या कशावरही विश्वास नाही. मी डेटाबेसचं काम करते. ज्याची नोंद नाही ते माझ्या लेखी नाहीच. तरी आज लिहितेय, कारण हे ऐकून ऐकून समीर, म्हणजे माझा नवरा, कंटाळलाय आणि माझं मात्र सांगून होत नाहीये.

आम्ही टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो. मी मूळची सोलापूरची. वडिलांवर गेले म्हणून गोरी, लोकांच्या नजरेत भरण्याइतकी. आई काळी. सावळी वगैरे नाही, काळीच – आणि लोकांनी तिला ते आयुष्यभर ऐकवलं. त्यामुळे माझा रंग तिने तळहाताच्या फोडासारखा जपला. साय, डाळीचं पीठ, हळद... रोज. माझी शाळा भर दुपारी सुटायची. ती ऑफिसातून तेवढ्यापुरती यायची आणि घरापर्यंत माझ्या डाव्या बाजूने, आपला उजवा हात माझ्या कपाळावर छपरासारखा धरून चालायची. छत्री आणली की मुली मला हसायच्या, म्हणून हात. तिचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता. त्याच हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

माझी मुलगी ओवी आठ वर्षांची आहे. रंगाने थेट आजी. मागच्या वर्षी भारतातून येणाऱ्या एका काकूंबरोबर आईने तिच्यासाठी डाळीच्या पिठाचं पुडकं पाठवलं. सोबत चिठ्ठी – ओवीला रोज लाव, उन्हात खेळू देऊ नकोस.

माझं डोकंच फिरलं. तसाच फोन लावला. "आई, तुला काळी म्हणून लोकांनी छळलं, तो तुझा प्रश्न. माझ्या मुलीच्या मागे तुझं काळेपण लावू नकोस."

ती म्हणाली, "बरं गं." एवढंच.

पुडकं मी कचऱ्यात टाकलं. नंतर तिनेही फोन केला नाही, मीही नाही. अकराव्या दिवशी भावाचा आला. हार्ट अटॅक. मी सोलापूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी ओवीच्या शाळेत एका बाईने मला विचारलं की मी तिची बेबीसिटर का. गाडीत ओवी म्हणाली, "मॉम, आपण मॅच का नाही होत? आजी आणि मी मॅच होत होतो." मला रस्ताच दिसेना. घरी येऊन मी टॅनिंगची, म्हणजे दिव्यांखाली झोपून कातडी सावळी करून घ्यायची, अपॉइंटमेंट बुक केली. थोडी तिच्यासारखी दिसेन, थोडी आईसारखी... वेडेपणा होता, मान्य. सोलापुरात फुकट मिळालं असतं ते पैसे देऊन घ्यायचं. आईने हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

शनिवार, सकाळचे अकरा. डोनटच्या दुकानाशेजारचं सलॉन. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "फर्स्ट टाइम? तुमच्या स्किनला चार मिनिटं पुरेत."

"बारा कर," मी म्हटलं. "मी जिथे वाढले ना, तिथलं ऊन तू पाहिलं नाहीस."

तिने दोनदा समजावलं, फॉर्मवर सही घेतली आणि गॉगल दिला. बेड म्हणजे वर झाकण असलेली, ट्यूबलाइट्सनी भरलेली पेटी. डाव्या बाजूला लगेच भिंत. मी आत पडले, झाकण ओढलं. चेहऱ्यापासून ते वीतभर वर असेल. गॉगल असूनही मिटल्या डोळ्यांसमोर लालभडक उजेड होता.

थोड्या वेळाने तो कमी झाला. सगळा नाही, फक्त डोळ्यांवरचा आणि कपाळावरचा. बाकी अंग भाजत होतं आणि कपाळाला गार वाटत होतं. या सदरात येतात तसे वास-बीस काही आले नाहीत, कुणी हाकही मारली नाही. वाटलं, एखादी ट्यूब गेली असेल. पण मला रडू का येतंय ते कळेना. हात दोन्ही मांड्यांजवळ होते, हे पक्कं आठवतंय, कारण अश्रू पुसावेत असं वाटत होतं आणि मी पुसले नाहीत.

बाहेर येऊन त्या मुलीला ट्यूबबद्दल सांगितलं. तिने बेड चालू करून दाखवला. एकूण एक ट्यूब पेटत होती.

दुपारी तीनपर्यंत मी लालबुंद झाले होते. आरशात पाहिलं. गॉगलची दोन पांढरी वर्तुळं होती, ती असणारच. पण त्यांच्या वर, कपाळावर आडवा, एक पांढरा पंजा होता. भिंतीच्या बाजूने आलेला. तीन बोटं, अंगठा आणि बाहेर वाकलेली करंगळी.

"लॉजिकली विचार कर यार," समीर म्हणाला. "तूच हात ठेवला असशील." त्याने माझा हात धरून त्या खुणेवर सगळ्या बाजूंनी लावून पाहिला. खूण माझ्या हातापेक्षा मोठी होती. माझी करंगळी सरळ आहे. मग तो फ्रिजमधून बर्फ घेऊन आला.

ओवीला मी शाळेतून घरी येतानाची गोष्ट सांगितली, आजीच्या हाताच्या छपराची. तिने खुणेवर अलगद बोट फिरवलं. "मॉम, मग आजीचा हात बर्न झाला असेल ना?"

दहा वर्षं मी त्या हाताखालून चालले आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सोलापूरचं ऊन मी कधी अंगावर घेतलंच नव्हतं. ते तिने घेतलं होतं. आणि मी तिला म्हटलं, तुझं काळेपण.

नवव्या दिवशी कपाळाची कातडी सोलली आणि खूण गेली.

दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले. तोच बेड, तीच बारा मिनिटं. आत पडल्या पडल्या मोठ्याने म्हटलं, "आई, चुकलं माझं." मग नुसती वाट पाहिली. उजेड जराही कमी झाला नाही. बाहेर आले तेव्हा कपाळ बाकीच्या चेहऱ्याइतकंच लाल होतं.

पहिल्या वेळी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आई माझ्यावर रागावून गेली की नाही, तेही नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

त्या दुसऱ्या वेळी समीर आणि ओवी शेजारी डोनट खात थांबले होते. पार्किंगमध्ये रखरखीत ऊन होतं. ओवीने माझं लाल कपाळ पाहिलं, डोनट डाव्या हातात घेतला आणि टाचा उंचावून उजवा हात माझ्या कपाळावर धरला. "नको बाळा, ऊन लागेल तुझ्या हाताला," मी म्हणाले.

"इट्स ओके," ती म्हणाली आणि गाडीपर्यंत तशीच चालली. मी तिच्या उंचीला येईन इतकी वाकून चालत होते.