नातालिनबाय जबाबाला बसते

आरोंद्याच्या खाडीकाठी ख्रिस्ती वाड्यात चुन्याने रंगवलेला एक खुरीस आहे. ऑक्टोबर, म्हणजे रोझरीचा महिना लागला की रोज दिवेलागणीला वाडा त्या क्रूसासमोर जमतो आणि तेर्स म्हणतो. रोझरीला इथे तेर्सच म्हणतात. रीत साधी. माळ हातात घेऊन पुढे बसलेली बाई ‘नमो मरिये’चा पहिला अर्धा सांगते, तो ‘धन्य तुझ्या उदराचे फळ येशू’पर्यंत येतो. तिथून वाडा उरलेला अर्धा उचलतो, ‘पवित्र मरिये’पासून आमेनपर्यंत. तो जबाब, ‘आम्हांसाठी विनंती कर’ असं मागणारा.

सासू अंथरुणाला खिळली तेव्हापासून पुढे बसणारी एकच, नातालिन लोबो. आवाज असा की खाडीत जाळं ओढणारे गडी म्हणायचे, “नातालिनबायचो तेर्स लागलो, चला घराक.” देवळाकडच्या मथुराकाकू त्या आवाजावर भाताचा कुकर चढवायच्या. नातालिनलाही ते ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं तिच्या चालण्यात दिसायचं.

यंदा पावसाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. हळू बोला, पण आवाज आता कधीच चढवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वाड्यात कुजबुज सुरू झाली. तरुण मंडळी गोव्यात नाहीतर आखातात, पुढे बसणार कोण?

थोरली जाऊ इस्पेरांस माशांचा वाटा घेऊन आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, “गो, मोबायलार आख्खो तेर्स मेळता. स्पीकर लावूया, आपण जबाब देवया. सोपां काम.”

“स्पीकर?” नातालिनचा घोगरा आवाज फाटला. “आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर, म्हणून मागतो आपण. त्या डब्याक मरणाची वेळ आसा काय?”

“मगे कोण सांगतलो?”

“माझी रोविना.”

विळीवर बांगडे कापत असलेल्या सुनेचा हात थांबला. रोविना काजूच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. पोरगी कामाची, पण बोलणं तोंडातल्या तोंडात.

इस्पेरांस हसली. “तिचो आवाज चुलीपासून दारापर्यंत येवक नाय, खुरसापर्यंत खंय पोचतलो? पैल्या सांजेक बगूया. जमला नाय तर डबो.”

पहिल्या सांजेला रोविना पुढे बसली आणि तिच्या शेजारी, नेहमीच्या जागी, नातालिन. रोविनाने ‘नमो मरिये’ सुरू केलं. आवाज थरथरत होता पण चालत होता. ती ‘येशू’पर्यंत आली आणि थांबली. सगळ्यांची नजर सवयीने नातालिनच्या ओठांवर. नातालिनने तोंड उघडलं आणि म्हणाली, “नमो मरिये, कृपापूर्णे...”

अर्धा वाडा तिच्यामागे गेला, अर्धा ‘पवित्र मरिये’ म्हणाला. सगळी खिचडी झाली. पुढच्या मण्यावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. जन्मभर पहिला अर्धा सांगितलेल्या जिभेला जबाब सापडेना. रोविनाचा आवाज विरत विरत गेला. तेर्स कसाबसा संपला. उकडलेले चणे वाटताना इस्पेरांस एवढंच म्हणाली, “उद्या माझो स्पीकर हाडतंय.”

नातालिन घरी येऊन भिंतीला टेकली. रोविनाने पेज पुढे ठेवली.

“मम्मी, माझ्यामुळे...”

“तुझ्यामुळे नाय गो. माका जबाब देवक येना नाय.” ती स्वतःशीच हसली. “लोकांनी मागला माझ्यासाठी. मी कधी मागूकच नाय.”

“मग मागूया. मी सांगते, तुम्ही द्या.”

दोघी चुलीपाशी बसल्या. नातालिन पुन्हापुन्हा चुकली. चुकली की कपाळावर हात मारायची आणि रोविना फिस्सकन हसायची. तिची भीड तिथेच गळून पडली. मध्येच तिने विचारलं, “मम्मी, तुम्ही ‘येशू’वर एवढं का थांबायचात?”

“सासून शिकवलां. सायबीण मरियेन आमका हाताक धरून येशूच्या दारात हाडलां, मगे पाठ फिरवूची घाई कित्याक? तेका बग, दम घे, मगेच लोकांच्या हातात दी.”

दुसऱ्या सांजेला इस्पेरांस खरंच स्पीकर घेऊन आली. नातालिनने तिचा दंड धरला आणि तिला घेऊन थेट मागे, माडाच्या आळ्याकडच्या दगडावर जाऊन बसली. पुढे रोविना एकटी. आता कोणाला ओठ बघायचे तर तिचेच.

रोविनाने मान वर केली. आवाज मोठा नव्हता, पण सरळ होता. ‘धन्य तुझ्या उदराचे फळ येशू.’ आणि ती थांबली. खुरसाकडे बघत, घाई न करता.

त्या शांततेत मागून एक घोगरा, बारीक आवाज सर्वांच्या आधी उठला. “पवित्र मरिये, देवाच्या माते...” मग त्यावर सगळा वाडा. इस्पेरांसही. मांडीवरचा स्पीकर तिने कधी पदराखाली घेतला, तिलाच कळलं नसावं.

सकाळी मथुराकाकू अबोलीची वेणी घेऊन कुंपणाशी आल्या. “काल तेर्स कोणी सांगलो गो? माझो कुकर वेळेर चढलो!”

“सून माझी,” नातालिन म्हणाली. डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा जरा मोठ्यानेच. मग वेणी घेत काकूंच्या जवळ सरकली. “आणि जबाब कोणी उचललो, तां नाय विचारणंस?”