अप्पांचा इतमाम

हैदराबादच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या वडिलांनी, अप्पांनी, खिडकीतून हात आत घालून माझ्या बॅगेची चेन ओढून पाहिली आणि म्हणाले, "इतमामानं ऱ्हा." मला हसू आलं आणि रागही. एका खोलीत चौघं राहणार, त्यात कसला डोंबलाचा इतमाम! मला ठाऊक असलेला इतमाम पेपरातला होता, शासकीय, बंदुकांच्या सलामीसकट.

अर्थ कळला तो तिथल्या घरमालकीणबाईंकडून. चार पाहुणे जेवायला यायचे असले तरी त्या 'एहतमाम' म्हणायच्या. एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, तुमचा इतमाम तो हाच, शब्द अरबी आहे, आणि मुळात अर्थ जिवाला लावून घेतलेली काळजी. थाटमाट त्याला पुढे चिकटला. मला लगेच अप्पा दिसले. गावी शुक्रवार पेठेतली आमची घरं संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरतात. दुमजली घराहून उंच काठी, एकट्यानं पेलून चालायची. बघणाऱ्याला पांढरी बाराबंदी आणि काठीवरची सजावट दिसते. अप्पा मात्र कितीतरी दिवस आधीपासून सरावाच्या काठीला वाळूची पोती बांधून गल्लीत फेऱ्या मारायचे. सराव न केलेल्यानं काठीला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. हैदराबादला गेल्यापासूनच्या आठ वर्षांत मी एकदाही सरावाला गेलो नव्हतो.

यंदा आईचा फोन आला. "उजवा हात बधिर हुतोय त्यांचा. डॉक्टर नको म्हणालेत, पण ऐकंनात. तू ये की." मी पोचलो तर अप्पा बाराबंदीच्या गाठी मारत होते, त्याही डाव्या हातानं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई."

मी सांगितलं नाही. मिरवणुकीत त्यांच्या शेजारून चालत राहिलो, नजर त्यांच्या बोटांवर. कोपऱ्यावर वळताना काठी बायकापोरांच्या गर्दीकडे कलली. अप्पांची बोटं सुटत होती. माझे हात पुढे गेले आणि तिथंच थांबले. मी ओरडलो, "बदला! अप्पांचा हात गेलाय!" पाळीपाळीनं काठी धरणाऱ्या जोडीदारांनी धाव घेऊन काठी सावरली. सगळी गल्ली अप्पांकडे बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर त्यांनी डाव्या हातानंच बाराबंदीच्या गाठी सोडल्या. मग म्हणाले, "वरडलास ते बरं केलंस. पण हात का लावला न्हाईस?"

"सराव न्हाई, अप्पा."

"व्हय," एवढंच म्हणून ते आत गेले.

माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही सगळे, तुम्हालाही लोक विचारत असतील, घर आठवतं का? आठवतं की. पण माझा बाप कोलमडत होता आणि मी हातभर अंतरावर नुसता उभा होतो. मला आता घर म्हटलं की ते हातभर अंतरच दिसतं.