फुगलेलं बूड

"जाहिरातीतली ती तुम्ही नाहीच, वहिनी. एआयने बनवलेली बाई आहे ती," दीर तिसऱ्यांदा म्हणाला.

"तोंड कुणाचं आहे?"

"फोटो तुमचा दिला होता."

"आणि आवाज?"

"आवाज दुसरा. तुमचा जरा कडक वाटला असता."

नवऱ्याने ताटात डोकं घातलं. बायको आणि भाऊ यांच्यामध्ये पडायचं नाही, हा त्याचा लग्नापासूनचा नेम.

बावीस वर्षं ती कुकर दुरुस्त करत होती. काम सासऱ्यांनी शिकवलं, ते गेल्यावर दुकानही तिच्याच अंगावर आलं. रिंग, शिट्टी, दांडा, काय हवं ते ती बसवून देई. पण बूड फुगलेला कुकर आला की उलटा करायची, अंगठा फिरवायची आणि परत सरकवायची. "फुटेल हा. आता यात झाड लावा." गिऱ्हाईक कबूल असेल तर खिळ्याने बुडाला भोकही पाडून द्यायची, म्हणजे पुन्हा गॅसवर चढवायचा मोह नको. तिच्या 'नाही'वर लोकांचा भरवसा होता.

दिराच्या तीस सेकंदांच्या जाहिरातीत तीच, दहा वर्षांनी तरुण होऊन, फुगलेल्या बुडावर हातोडी मारत होती. तीन ठोक्यांत बूड सपाट, कुकर चकचकीत, वर गोड हसू.

"मी फक्त 'जुना कुकर पाच मिनिटांत नवा' एवढंच लिहिलं होतं. हातोडी एआयने आपल्या मनाने घातली."

"त्याने जन्मात कुकर पाहिला नाही. तुम्ही सहा वर्षं गल्ल्यावर बसताय. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं. पण छान वाटत होतं."

तिच्या हातातला घास ताटात परत गेला.

आज सकाळी एक बाई असाच कुकर घेऊन आली होती, पाण्याच्या टाकीमागच्या इमारतींतून, दोन बस बदलून. हिने नाही म्हटल्यावर बाईने फोन पुढे धरला. "इथे तर तुम्हीच ठोकताय. माझ्याच कुकराला काय धाड भरली? राहू द्या, हातोडी आमच्याकडेही आहे." ही स्वतःचं ते हसरं तोंड बघतच राहिली. भानावर येईतो बाई बसमध्ये चढलीसुद्धा.

"काढून टाकला ना व्हिडिओ," दीर म्हणाला. "आता किती ताणायचं?"

"त्या बाईच्या डोक्यातून काढलात?"

"संध्याकाळी बघू काय ते," नवरा पुटपुटला. "आधी जेव."

"संध्याकाळी तो कुकर गॅसवर कोण लावणार आहे, ती की तुम्ही?"

तिने हात धुतला, खुंटीवरची दुकानाची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"दुपारी दुकान उघडणार नाही. भावजी, चपला घाला. टाकीमागच्या सगळ्या इमारती, एकेक दार वाजवायचं. खिळा मी घेतलाय, भोक तुम्ही पाडायचं. आणि तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली, "भांडी घासून ठेवा."