उसाच्या शेतातला रापणीचा दोर

आमच्या कोकणातल्या मिठबावला देवचाराच्या, म्हणजे गावराखणीच्या भुताच्या, गोष्टींना तोटा नाही, पण मी त्यांची टिंगल करणाऱ्यांतला. फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. रक्त गेलं की माणूस मरतो... एवढंच माझं अध्यात्म!

पासष्टच्या लढाईत, पंजाबात, भर दुपारी आमची तुकडी उसाच्या शेतात अडकली. समोरून मशिनगन, वरून तोफगोळे. एक गोळा आमच्यातच फुटला. कराडकडच्या बाळूचं पोट फाटून आतडी मातीत आली. पलीकडच्या सरीत हवालदार गुरनामची मांडी उघडी पडलेली – रक्त पिचकारीसारखं उडत होतं. ड्रेसिंग संपलेलं. गुरनाम माझ्यावरच खेकसला, "पहले छोटे को ले जा!"

माझा शर्ट त्याच्या पोटाला बांधून बाळूला आडोशाच्या खड्ड्याकडे ओढलं. वाटेत माझ्या खांद्यातून गोळी गेली. बाळू "आये, आये" करत माझ्या हातांतच गेला. मी रडलो, शिव्या घातल्या आणि सरपटत परत फिरलो. गुरनामही संपला असणार, हे धरूनच.

तो बेशुद्ध होता, पण जिवंत! मांडीवर काथ्याचा दोर करकचून आवळलेला. ओलाचिंब. त्याला मासळीचा वास, पिळात चंदेरी खवले... आणि गाठ आमच्या रापणीची, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची. त्या तुकडीत मी सोडून कोकणातलं कोणीच नव्हतं.

सुट्टीवर घरी आलो, तर बाबांचे पुढचे दात पडलेले. आई म्हणाली, त्याच दिवशी, त्याच दुपारी किनाऱ्यावर भरलेली रापण ओढत असताना बाबांनी कोयत्याने दोर तोडला. अख्ख्या वाडीची मासळी दर्यात गेली. लोकांनी त्यांना तिथेच तुडवलं. कापलेला तुकडा मात्र कोणालाच सापडला नाही.

"बाबा, दोर कित्याक कापलास?"

"माका म्हायत नाय. हात माझ्या ताब्यात नाय होतो रे."

मी त्यांना गुरनामचं सांगितलं. पाय गेला, पण माणूस वाचला. बाळूचं मात्र सांगवेना, ते मी गिळलं. बाबा धाय मोकलून रडले. मग डोळे पुसत म्हणाले,

"आणि तो दुसरो? पोट फुटलेलो पोरगो... तो वाचलो मां?"

बाळूचं मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "होय बाबा, तो वाचलो."