सुगनाबाईची भिंत

सांवेरकडच्या आमच्या गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, खदानीवर नोकरी म्हणजे केसात धूळ आणि डोक्यात किस्से. धूळ निदान धुतली तर जाते! शहरात, अन्नपूर्णा भागातल्या घरी पोचलो की बायको आधी मला अंगणात झटकते, मग विचारते, "हां, आज काय झालं?"

यंदा तर रोजच काही ना काही. लीज रिन्यू व्हायची होती, आणि गावानं ठणकावून सांगितलं होतं: खदानीला सगळ्यात जवळच्या सुगनाबाईच्या घराला एक जरी नवी भेग पडली, तर खदान बंद! धूळ, पाणी, हादरे, हे सगळं खातं माझ्याकडे. जीव नुसता टांगणीला लागलेला.

*

हवेतली धूळ मोजायचं मशीन चोवीस तास लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडतो तर काय, फिल्टर दुधासारखा पांढरा! चौकीदार गिरधारीजी एकदम खूश. "साहब, इत्ती धूल उड़ रही थी, मशीन खराब हो जाती. मैंने पन्नी चढ़ा दी."

प्लास्टिकची पिशवी! मी कपाळावर हात मारला. परत चोवीस तास.

*

तपासणीच्या दिवशी टँकरवाल्याला बजावलं, रस्त्यावर धुळीचा कण दिसता कामा नये. पठ्ठ्यानं सकाळपासून पाणी मारलं. तपासणीवाल्या साहेबांची जीप चिखलात रुतली. साहेब बूट हातात घेऊन, पँट वर करून चालत आले. टँकरवाला म्हणतो, "धूल तो नी उड़ी ना, भिया?"

*

सुगनाबाईच्या भिंतीवर जुन्या चार भेगा. तिनं प्रत्येकीच्या टोकाला कोळशानं रेघ मारून ठेवली. ब्लास्ट झाला रे झाला की मी धावत जाऊन रेघा बघायचो. भेग पुढे सरकलेली नसली की मगच जीव भांड्यात पडायचा. एकदा ती म्हणाली, "इत्ता तो मेरे समधी भी नी आते!"

*

मग पुण्याहून नवे मॅनेजर आले. रोज खडकात बारा होल पाडून, त्यात दारू भरून ब्लास्ट व्हायचा. हे म्हणाले, "चोवीस भरा, ऑर्डर मोठी आहे."

मी म्हटलं, "सर, सुगनाबाईचं घर..."

"तू धूळ सांभाळ!"

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पण आमचे म्हातारे ब्लास्टर भेरूजी शांत. "भर देंगे साहब. बस, हमारे यहाँ एक दस्तूर है. गिनती जो बोले, धमाके के टेम वो सबसे पास वाले घर में बैठे. मैं बारा बोलता हूँ तो मैं बैठता हूँ, बत्ती मेरा बेटा देता है, लाइसेंस उसका भी है."

साहेब हसले. "बसतो की!"

गेले. सुगनाबाईनं भिंतीला लावून खाट टाकली, चहा दिला. मग सुनेला हाक मारली, शेळी सोडली, देवाची तसबीर उतरवली आणि सगळ्यांना घेऊन लांब लिंबाखाली जाऊन बसली.

इकडे भेरूजी पहिला होल भरायला वाकले. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"अरे," साहेब हळूच म्हणाले, "तुमचे ते बारा होल भरायला किती वेळ लागतो?"